घरी कॅथेटरवाला पेशंट आलाय? नळी, बायोफिल्म आणि इन्फेक्शन, नव्याने सांभाळणाऱ्यांसाठी पहिल्यापासून

डिस्चार्जच्या दिवशी घाईघाईत एवढंच सांगितलं जातं की "पिशवी भरली की रिकामी करा अन् पंधरा दिवसांनी दाखवायला आणा", आणि मग घरी आल्यावर आबाजींच्या पलंगाला लटकलेली ती लघवीची पिशवी बघून सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात की आता हिला हात कोण लावणार. मी नागपुरात घरोघरी जाऊन नर्सिंगची कामं करतो, मानेवाडा, नंदनवन, पार जरीपटक्यापर्यंत, त्यात कॅथेटरवाले पेशंट बम असतात आणि घरच्यांचे प्रश्न सगळीकडे तेच ते. म्हणून एकदाचं सगळं एका जागी लिहून टाकतो. तुमच्या पेशंटला डॉक्टरनी काही वेगळं सांगितलं असेल तर ते ऐका, कारण त्यांनी पेशंट पाहिलाय, मी नाही.

आधी नळी काय आहे ते बघून घ्या

लघवीच्या जागेतून मूत्राशयात गेलेली जी रबरी नळी दिसते तिला फोली कॅथेटर म्हणतात, अमेरिकेतल्या फ्रेडरिक फोली नावाच्या युरॉलॉजिस्टच्या नावावरून, १९३० च्या दशकातली गोष्ट आहे आणि डिझाईन आजही जवळपास तेच चालू आहे. आतल्या टोकाजवळ एक छोटा फुगा असतो, तो मूत्राशयात गेल्यावर साधारण १० मिली स्टराईल पाण्याने फुगवतात, त्यामुळे नळी बाहेर येत नाही. बाहेर दोन तोंडं दिसतात, एकाला पिशवी जोडलेली आणि दुसरं रंगीत व्हॉल्व्हवालं, ते फुग्याचं. त्या रंगीत तोंडाला घरच्यांनी हात लावायचा नाही, बस. रंगावरून नंबर कळतो, संत्री रंग म्हणजे १६ नंबर, हिरवा म्हणजे १४, मोठ्या माणसांना बहुतेक हेच दोन लागतात. नंबर जितका मोठा तितकी नळी जाड, तीन नंबर म्हणजे एक मिलीमीटर, म्हणजे १६ ची नळी सव्वापाच मिलीमीटरच्या आसपास झाली. जाड टाकली म्हणजे लघवी चांगली येईल असं काही नसतं, उलट आत जास्त टोचते आणि बाजूने गळते.

दुसरं बघायचं ते मटेरियल. पिवळट तपकिरी असेल तर लॅटेक्स, पारदर्शक असेल तर सिलिकॉन. साधी लॅटेक्सची दोन ते चार आठवडे चालते, सिलिकॉनची जास्तीत जास्त बारा आठवड्यांपर्यंत ठेवता येते, सिलिकॉनची भिंत पातळ असते म्हणून त्याच नंबरात आतलं भोक मोठं मिळतं आणि ती जरा उशिरा जाम होते. महाग आहे, पण महिनोन्महिने लागणार असेल तर हिशेब सिलिकॉनच्याच बाजूने जातो. सामान गंजीपेठेतल्या दवा बाजारात गल्लीतल्या दुकानापेक्षा स्वस्त पडतं, एकदाच जाऊन दोन-तीन पिशव्या आणून ठेवा.

फाईलवर तीन गोष्टी मोठ्या अक्षरात लिहा: नळी टाकल्याची तारीख, नंबर, आणि फुग्यात किती मिली पाणी आहे ते. रात्री अडीच वाजता कॅज्युअल्टीत गेल्यावर हेच विचारतात आणि कोणालाच सांगता येत नाही.

आता बायोफिल्म, हे नीट वाचा

बाकीचं सगळं याच्यावर उभं आहे म्हणून इथे थोडा वेळ घालवतो.

डेझर्ट कूलरच्या टाकीच्या भिंतीवर पंधरा दिवसांत जो बुळबुळीत थर चढतो ना, पाणी बदललं तरी जात नाही, बोटाने खरवडावा लागतो, तसाच प्रकार नळीच्या आतून आणि बाहेरून होतो. नळी मूत्राशयात गेली की काही वेळातच तिच्यावर लघवीतली प्रोटीनं आणि क्षार चिकटतात, एक पातळ अस्तर तयार होतं. त्या अस्तराला जंतू येऊन चिकटतात. चिकटलेला जंतू मग वाढतो, एकाचे अनेक होतात, आणि आपल्याभोवती साखर-प्रोटीनचा चिकट गोळा सोडतात, त्यात सगळे मिळून राहतात. हाच बायोफिल्म. आणि त्यातले काही जंतू सुटून लघवीत जातात, पुढे दुसऱ्या जागी चिकटतात, असं चालूच राहतं.

आता लोक विचारतात की भाऊ आपण तर सगळं स्वच्छ ठेवतो मग जंतू आले कुठून. बहुतेक वेळा पेशंटच्याच आतड्यातून, म्हणजे शौचाच्या जागेवरून. दोन वाटा आहेत. एक नळीच्या बाहेरून, कातडी आणि नळी यांच्या मधल्या फटीतून वर सरकत जाणं, ही वाट जास्त वापरली जाते. दुसरी नळीच्या आतून, म्हणजे पिशवीचा नळ घाण झाला, जोड उघडला, पिशवी वर उचलली आणि लघवी उलटी गेली. दुसरी वाट पूर्णपणे आपल्या हातात आहे, पहिली थोडीफार.

एरवी आपण लघवी करतो तेव्हा चुकूनमाकून वर गेलेले जंतू धारेसोबत धुवून निघतात, शरीराची ही फार जुनी आणि भारी सोय आहे. नळी लागली की धार बंद, थेंब थेंब चालू. वरून फुग्यामुळे नळीचं भोक मूत्राशयाच्या तळापासून थोडं उंचावर राहतं, म्हणून खाली थोडी लघवी कायम साचलेली. जंतूंना अजून काय पाहिजे.

म्हणून हा आकडा लक्षात ठेवा: नळी लागल्यावर दर दिवशी ३ ते ७ टक्के लोकांच्या लघवीत जंतू यायला लागतात, आणि महिनाभर नळी राहिली तर जवळपास सगळ्यांच्याच लघवीत जंतू सापडतात. सगळ्यांच्याच. तुम्ही कितीही स्वच्छ ठेवा. म्हणजे महिन्याने कल्चर (लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून बघायची तपासणी) केलं आणि "ग्रोथ आली", म्हणजे जंतू उगवले, तर त्यात घाबरण्यासारखं नवीन काही घडलेलं नसतं, ते तसंच असणार होतं. जंतू असणं वेगळं आणि इन्फेक्शन होणं वेगळं, पुढे सांगतो.

आणि अँटिबायोटिक का चालत नाही? कारण औषध त्या चिकट थरात नीट मुरत नाही, आतले जंतू मंद पडलेले असतात आणि बहुतेक अँटिबायोटिक तर वाढणाऱ्या जंतूवरच काम करतं, आणि इतके जंतू खेटून राहतात म्हणून रेझिस्टन्सचे जीन, म्हणजे औषधाला दाद न द्यायची ताकद, एकमेकांना देतात. मोकळा जंतू ज्या डोसला मरतो त्याच्या शेकडो पट, काही प्रयोगांत हजार पट डोसही थरातला जंतू सहन करतो. म्हणून पाच दिवसांचा कोर्स केला, लघवी साफ दिसली, आठवड्याने परत तेच, कारण जंतू नळीवर बसून होते. वरून आता पेशंटमध्ये असे जंतू उरले ज्यांच्यावर तोंडाने घ्यायची गोळीच चालत नाही, रोज दोनदा सलाईनमधून इंजेक्शन लागतं. घरोघरी जाऊन ती इंजेक्शनं मीच देतो, त्यातली कित्येक टाळता आली असती असं माझं मत आहे.

पहिली पायरी: नळी खरंच लागते का, हे विचारा

सगळ्यात मोठा उपाय हाच आहे आणि हाच कोणी करत नाही. नळी नसेल तर नळीवरचा बायोफिल्मही नाही. डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांना सरळ विचारा, "सर ही नळी कशासाठी आहे आणि कधी काढायची". प्रोस्टेटमुळे लघवी अडकली, कमरेजवळ खोल बेडसोर आहे आणि लघवीने भिजतो, ऑपरेशन झालंय, ही कारणं बरोबर. पण "म्हातारी आहे, उठून जाता येत नाही, सुनेला त्रास नको" एवढ्यासाठी नळी ठेवली असेल तर दुसरी सोय आहे का ते बघा. पुरुषांना कंडोम कॅथेटर असतो, बाहेरूनच लावायचा. डायपर आहे. मणक्याला मार लागलेल्यांना किंवा ज्यांचं मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही त्यांना दिवसातून चार-पाच वेळा साधी नळी घालून लगेच काढून टाकायची पद्धत आहे, सीआयसी म्हणतात, अमेरिकेतल्या जॅक लॅपिडेस यांनी १९७२ मध्ये ती पुढे आणली, आणि ती स्वतःला शिकता येते. ऐकायला भयंकर वाटतं की रोज चार वेळा नळी घालायची, पण कायम ठेवलेल्या नळीपेक्षा त्यात इन्फेक्शनचा त्रास कमी असतो. मेडिकलच्या (नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या) सुपर स्पेशालिटी हॉस्पिटलमध्ये किंवा तुमच्या युरॉलॉजिस्टकडे विचारा, शिकवतात.

चांदीचा लेप दिलेले, अँटिबायोटिक लावलेले कॅथेटर पण मिळतात, दुकानदार सांगेल की हा घ्या इन्फेक्शन होत नाही. ब्रिटनमध्ये सात हजारांवर पेशंटवर मोठी ट्रायल झाली, २०१२ मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये छापून आली, चांदीवाल्याचा साध्यापेक्षा काही फायदा दिसला नाही आणि अँटिबायोटिकवाल्याचा फायदा फार थोडा, वरून त्रास जास्त. तो पैसा वाचवा.

दुसरी पायरी: रोजचं काम

हात. नळीला किंवा पिशवीला हात लावायच्या आधी साबणाने हात धुवायचे आणि नंतरही धुवायचे. सॅनिटायझर चालेल, हात मळलेले नसतील तर. घरात ग्लोव्ह्ज असतील तर घाला पण ग्लोव्ह्ज घातले म्हणून हात न धुणं हे मला फार दिसतं, ते चुकीचं आहे.

रोज आंघोळीच्या वेळी नळी जिथून बाहेर येते ती जागा साध्या साबणाने आणि पाण्याने धुवायची. डेटॉल नाही, बेटाडीन नाही, पावडर नाही, कुठलं मलम नाही. रोज अँटिसेप्टिक लावल्याने इन्फेक्शन कमी होत नाही हे तपासून झालंय, कातडी मात्र सोलवटते. बाईमाणूस असेल तर पुढून मागे धुवायचं, मागून पुढे कधीच नाही. पुरुषाची पुढची कातडी मागे सरकवून धुवायची आणि, हे महत्त्वाचं, धुतल्यावर परत पुढे आणायची, नाही आणली तर तिथे आवळून सूज येते आणि मग तेवढ्यासाठी दवाखान्यात धावावं लागतं. नळी पुसायची ती शरीराकडून बाहेरच्या दिशेने. शौच झाल्यावर, आणि जुलाब लागले असतील तर प्रत्येक वेळी, परत धुवायचं.

नळी मांडीला चिकटवून ठेवा. पट्टी मेडिकल स्टोअरमधून आणा किंवा तयार पट्टा मिळतो तो लावा, नळी थोडी ढिली ठेवून, म्हणजे कूस बदलली तर ओढ बसत नाही. हे कोणी करत नाही काहून ते कळत नाही. नळी लटकत राहिली की ती पुढे-मागे सरकते, आतली कातडी घासते, रक्त येतं आणि बाहेरच्या जंतूंना आत जायला वाट मिळते.

तिसरी पायरी: पिशवी

पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली. नेहमी म्हणजे नेहमी. स्ट्रेचरवर टाकताना वॉर्डबॉय पिशवी उचलून पेशंटच्या पोटावर ठेवतो, ऑटोत बसवताना घरचा कोणी पिशवी मांडीवर घेतो, झालं, पिशवीतली शिळी लघवी सगळी उलटी आत. ऑटोत बसवताना आधी पिशवी रिकामी करा आणि मग पायाजवळ खाली धरा, ठेवायला जागाच नसेल तर चढता-उतरताना दोन मिनिटांसाठी नळी चिमटा आणि बसल्याबरोबर सोडा. चिमटा लावून विसरू नका.

पण खाली म्हणजे फरशीवर नाही. पलंगाच्या कडेला हुक असेल तर तिथे, खाट असेल तर स्वच्छ छोट्या बादलीत ठेवा, फरशीवर घासू देऊ नका. आणि नळी कुठे मुडपली नाही ना, पेशंटच्या पायाखाली दबली नाही ना, ते येता-जाता बघायची सवय लावा.

दोन-तृतीयांश भरली की रिकामी करायची, गच्च भरेपर्यंत वाट बघायची नाही, वजनाने नळी ओढली जाते. रिकामी करायला एक वेगळा मग किंवा मापाचं भांडं ठेवा, फक्त त्याच पेशंटचं, पिशवीच्या नळाचं तोंड त्या भांड्याला टेकलं नाही पाहिजे. किती मिली झाली ते वहीत लिहा. संध्याकाळी बेरीज करा, ही वही डॉक्टरला अर्ध्या रिपोर्टांपेक्षा जास्त सांगते.

नळी आणि पिशवीचा जोड उगाच उघडायचा नाही. सगळ्यात जास्त गडबड इथे होते. पिशवी रोज काढून बाथरूममध्ये डेटॉलच्या पाण्याने खळबळून परत लावणारे लोक मी पाहिलेत, हेतू चांगला, पण प्रत्येक वेळी जोड उघडला की जंतूंना आतून सरळ रस्ता. पिशवी बदलायची ती पाकिटावर लिहिलंय त्या मुदतीने, बहुतेकींची आठवडाभराची असते, किंवा फाटली, गळाली, फार घाण झाली तर. बदलताना नवीन पिशवी आधी उघडून तयार ठेवा, हात धुवा, जोडाच्या जागी स्पिरिटच्या कापसाने पुसा, वाळू द्या, जुनी काढा, लगेच नवी लावा, तोंडाच्या टोकाला बोट लागू देऊ नका. जुनी पिशवी संडासात पूर्ण रिकामी करून कागदात गुंडाळून वेगळ्या पन्नीत बांधा आणि कचरागाडीवाल्याला वेगळी द्या, तोही माणूस आहे, त्याने हाताने फोडायला नको.

सलाईनने किंवा औषध टाकून मूत्राशय धुणं, ब्लॅडर वॉश, हे आपल्या मनाने नाही. इन्फेक्शन टाळायला म्हणून त्याचा उपयोग नाही, बायोफिल्म त्याने निघत नाही आणि जोड उघडला जातो तो वेगळा.

चौथी पायरी: पाणी, आणि नागपूरचा उन्हाळा

इथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, नवतप्यात तर बोलूच नका, आणि म्हातारी माणसं "पिशवी लवकर भरते, पोराला त्रास" म्हणून पाणी कमी पितात. लघवी गडद पिवळी झाली, घट्ट झाली, की क्षार लवकर बसतात आणि नळी जाम होते. हार्ट किंवा किडनीमुळे डॉक्टरनी पाणी मोजून दिलं नसेल तर दिवसभरात इतकं पाजा की लघवी फिकट पिवळी राहील, उन्हाळ्यात त्याला अडीच-तीन लिटर सहज लागतात. एकदम लोटाभर नाही, दर तासाला थोडं थोडं. ताक, पन्हं, निंबूपाणी सगळं चालतं, डायबिटीस असेल तर साखर सोडून.

निंबूपाण्याचं एक विशेष आहे. लिंबूवर्गात सायट्रेट असतं, आणि लघवीत सायट्रेट वाढलं की क्षारांचे खडे बसायला उशीर लागतो, इंग्लंड-वेल्सकडच्या संशोधकांनी कॅथेटरवाल्यांना भरपूर लिंबूपाणी पाजून हे पाहिलं, अभ्यास छोटे आहेत पण दिशा बरी आहे. संत्र्याच्या गावात राहून याचा फायदा नाही घ्यायचा तर कुठे घ्यायचा. फक्त किडनीचा पेशंट असेल, पोटॅशियम वाढतं असं सांगितलेलं असेल, तर संत्र्याचा रस डॉक्टरला विचारूनच.

पोट साफ राहिलं पाहिजे. भरलेलं आतडं मूत्राशयावर आणि नळीवर दाबतं, लघवी थांबते किंवा बाजूने गळते, आणि लोक नळी बदलून आणतात जेव्हा खरं औषध इसबगोल होतं.

पाचवी पायरी: नळी जाम झाली तर

काही लोकांची नळी दर दोन-तीन आठवड्यांनी बंद पडते. यामागे बहुतेक वेळा प्रोटियस नावाचा जंतू असतो. हा जंतू लघवीतला युरिया फोडून अमोनिया बनवतो, लघवी अल्कलाईन (आम्लाच्या उलट) होते, मग मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे फॉस्फेट त्या बायोफिल्ममध्येच जमतात आणि थर दगडासारखा कडक होत जातो. वरून हा पठ्ठ्या नळीच्या पृष्ठभागावर टोळीने सरकत वर चढतो. नळी बोटांत धरून हलकी फिरवून बघा, आत रेतीसारखं लागलं तर समजा क्षार बसतायत. काढलेल्या नळीचं टोकसुद्धा बघा, पांढरा खरखरीत थर असेल तर फोटो काढून डॉक्टरला दाखवा, आणि वारंवार होत असेल तर मूत्राशयात खडा आहे का हे सोनोग्राफीत बघायला सांगा, कारण खड्यात जंतू लपून राहतात आणि नवीन नळी पुन्हा तशीच होते.

अशा पेशंटसाठी ठरलेली तारीख उपयोगाची नाही. तीन नळ्यांचा हिशेब ठेवा, कोणती किती दिवसांत जाम झाली, आणि मग त्याच्या दोन-तीन दिवस आधीच बदलून घ्या.

चार तास झाले आणि पिशवीत थेंब नाही, तर घाबरायच्या आधी बघा: नळी मुडपली का, पिशवी वर आहे का, पेशंट नळीवर झोपलाय का, पाणी प्यायला का, पोट गच्च आहे का. हे सगळं ठीक आहे आणि बेंबीखाली फुगलंय, दुखतंय, पेशंट तळमळतोय, किंवा नळीच्या बाजूने लघवी गळतेय आणि पिशवी कोरडी, तर थांबू नका, नळी बदलावीच लागेल. ओढून काढायची नाही, आत फुगा आहे. कापायची तर अजिबात नाही. मणक्याला छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत मार लागलेला पेशंट असेल आणि अचानक डोकं फुटल्यासारखं दुखायला लागलं, तोंड लाल, घाम, तर बीपी भयंकर वाढलेलं असू शकतं आणि कारण नुसती मुडपलेली नळी असू शकते, आधी नळी सरळ करा, पेशंटला बसवा आणि १०८ ला फोन लावा.

सहावी पायरी: इन्फेक्शन कशाला म्हणायचं

मी सगळ्यात जास्त बोलणी याच्यावर करतो. घरचे फोन करतात, "लघवीला वास येतोय", "गढूळ दिसते", "पिशवीत पांढरं पांढरं दिसतंय", "रिपोर्टमध्ये पस सेल्स (पुवाच्या पेशी) खूप आलेत". या चारही गोष्टी नळीवाल्या पेशंटमध्ये बिना इन्फेक्शनच्या असतात. नळी टोचते म्हणूनही पस सेल्स येतात. पेशंट खातोय-पितोय, ताप नाही, नेहमीसारखा बोलतोय, तर पाणी वाढवा आणि लक्ष ठेवा, अँटिबायोटिक नको. खरं तर अशा पेशंटची लघवी तपासायलाच नको, कारण रिपोर्ट हातात आला की कोणीतरी त्यावर औषध लिहितंच. अपवाद आहेत, पेशंट गरोदर असेल किंवा लघवीच्या मार्गाचं ऑपरेशन ठरलं असेल तर जंतू नुसते सापडले तरी औषध लागतं.

एकदा एका घरी पिशवी चक्क जांभळी झाली म्हणून सगळे हादरले होते. होतं असं, मलावरोधवाल्या म्हाताऱ्या बायांमध्ये जास्त, आतड्यात बनलेला एक पदार्थ लघवीत येतो आणि अल्कलाईन लघवीतले जंतू त्याच्यापासून निळा आणि लाल रंग बनवतात, प्लास्टिकला तो चढतो. बद्धकोष्ठ सांभाळा, नळी-पिशवी बदलून घ्या, डॉक्टरला सांगा, पण रंग स्वतः काही करत नाही.

मग खरं इन्फेक्शन कोणतं? थंडी वाजून ताप. कमरेच्या वर, बरगडीखाली एका बाजूला दुखणं. ओटीपोटात नवीन दुखणं. लघवीत नव्याने रक्त. आणि म्हाताऱ्या माणसात अचानक गुंगी, असंबद्ध बोलणं, जेवण सोडून देणं, कधी कधी ताप न येताच, अर्थात असं व्हायला दुसरीही कारणं असतात, साखर कमी होणं, उष्माघात, म्हणून तेही तपासायला लावा. हुडहुडी भरली, श्वास जोरात चालतोय, हातपाय गार पडले, बीपी कमी, लघवी तासाला ३० मिलीच्याही खाली आली, तर हे रक्तात पसरल्याचं लक्षण असू शकतं, क्रोसिन देऊन सकाळची वाट बघू नका, मेडिकल, मेयो, एम्स, जवळचं जे मोठं हॉस्पिटल असेल तिथे त्याच वेळी न्या.

सातवी पायरी: सॅम्पल आणि औषध

ताप आला, डॉक्टरनी कल्चर सांगितलं. पिशवीचा नळ उघडून डबीत भरून नेऊ नका. पिशवीतली लघवी तासन्‌तास उन्हाळ्यात तापलेली असते, तिच्यात जंतूंची जत्रा भरलेली असते, त्या रिपोर्टला काही अर्थ नाही. पिशवीच्या नळीला वरच्या बाजूला सॅम्पल घ्यायचा छोटा रबरी पोर्ट असतो (स्वस्त पिशवीला नसतोही, म्हणून घेतानाच बघा), त्याच्या खाली दहा-पंधरा मिनिटं चिमटा लावून, पोर्ट स्पिरिटने पुसून, स्टराईल सिरिंजने सिस्टर किंवा ब्रदरने घ्यायचं.

आणि नळी दोन आठवड्यांपेक्षा जुनी असेल तर आधी नळी बदलायची, नव्या नळीतून सॅम्पल घ्यायचं, मग अँटिबायोटिकचा पहिला डोस. या क्रमाने. कारण जुन्या नळीतून जे येतं ते त्या थरातले जंतू असतात, पेशंटला आजारी पाडणारा त्यातला कोण हे कळत नाही, आणि जुनी नळी तशीच ठेवून औषध दिलं तर ताप उतरायला वेळ लागतो आणि परत येतो. डॉक्टरांना विनयाने विचारा, "सर नळी बदलून सॅम्पल घेऊ का". कोणी रागवत नाही. पेशंट फारच आजारी असेल तर मात्र कल्चरच्या नावावर औषध लांबवायचं नाही.

सॅम्पल घेतलं की लॅबमध्ये तासा-दोन तासांत पोचलं पाहिजे, नाहीतर फ्रिजमध्ये, बर्फाच्या खान्यात नाही, खाली. भर दुपारी गाडीच्या डिक्कीत सॅम्पल टाकून सीताबर्डीला दोन कामं करून मग लॅबला गेलात तर जंतू वाटेतच हजारोंनी वाढतात.

रिपोर्टमध्ये कँडिडा, म्हणजे बुरशी आली, तर ती बहुतेक वेळा नळीवर बसलेली असते, नळी काढली किंवा बदलली की पुष्कळदा तेवढ्यानेच जाते. कोर्स किती दिवसांचा ते डॉक्टर ठरवतील, लवकर उतार पडला तर साधारण सात दिवस पुरतात, मधेच सोडू नका आणि उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळसाठी जपून ठेवू नका. कोर्स संपल्यावर पेशंट बरा आहे तर "साफ झालं का बघू" म्हणून परत कल्चर करायची गरज नाही, नळी आहे तोवर काही ना काही उगवणारच. आणि प्रत्येक नळी बदलताना सवयीने अँटिबायोटिक पण नको, काही ठरावीक पेशंट सोडून.

शेवटची पायरी: नळी काढणं

आपल्याकडे काढायच्या आधी दोन-तीन दिवस नळी बांधून सोडून "ट्रेनिंग" देतात. याचा फायदा दिसलेला नाही आणि नळी तेवढे दिवस जास्त राहते, डॉक्टरनी खास कारणाने सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी. काढताना फुग्यातलं पाणी सिरिंजने पूर्ण काढायचं, फाईलवर १० मिली लिहिलंय आणि निघालं ६, तर थोडं थांबून परत बघायचं (सिलिकॉनच्या फुग्यातून पाणी थोडं झिरपतं, म्हणून ८-९ निघालं तर चालतं). हे काम सकाळी करून घ्या, म्हणजे लघवी अडकलीच तर दिवसाउजेडी दवाखाना गाठता येतो.

काढल्यावर पहिल्या एक-दोन वेळा जळजळ होते, लघवीला थोडा लालसरपणा येतो. नेहमीसारखं पाणी पाजा, जबरदस्तीने ढोसू नका. सहा तासांत लघवी झाली नाही, किंवा दर दहा मिनिटांनी चमचा-चमचा होतेय आणि पोट फुगत चाललंय, तर मूत्राशय रिकामं होत नाहीये, सोनोग्राफीत किती उरली ते बघावं लागेल. आणि पुढच्या दोन दिवसांत थंडी वाजून ताप आला तर "नळी तर काढली ना आता" म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरला फोन करून नळी कधी लावली होती आणि कधी काढली त्या दोन्ही तारखा सांगा.